दुसरा ड्रायव्हर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोचं भारतातलं ड्रायव्हिंग लायसन इथे, नेदरलँड्समध्ये, परीक्षा न देता बदलून मिळत होतं. मला ते माहीत होतं. मी तिला सांगितलं की मिळत नाही.

एवढंच आहे. लिहायला अर्धं मिनिट लागलं. बाकी जे लिहितो आहे ते एका सहलीच्या तयारीबद्दल आहे. सार्डिनिया नावाच्या बेटाला कॅम्परमधून, म्हणजे आत झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, पूर्ण फेरी मारायची होती. तयारी दहा महिने चालली. सहल झाली नाही.

आधी ती सोय काय होती ते सांगतो. परदेशातून बोलावून घेतलेल्या नोकरदाराला इथे काही वर्षं करात सवलत मिळते. आपल्या लोकांत तिला नुसतं 'थर्टी पर्सेंट' म्हणतात. ही सवलत चालू असेपर्यंत भारतीय लायसन खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जमा करायचं आणि डच लायसन घ्यायचं. नवऱ्याचं होतं तसंच बायकोचंही होतं. सवलत संपली की मग सगळ्यांसारखी परीक्षा. आमच्या वेळी सवलत दहा वर्षं होती. म्हणजे मला खरं बोलायला दहा वर्षं होती.

माझं भारतातलं लायसन कसं होतं, हेही सांगायला हवं. पुण्यात एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने ते काढून दिलं. परीक्षेच्या दिवशी मास्तर शेजारी बसले होते, आणि त्यांच्या पायाखाली दुसरा क्लच नि दुसरा ब्रेक होता. मी स्टिअरिंग धरून बसलो. गाडी त्यांनी चालवली. पुढे चार वर्षं ते लायसन पाकिटात होतं, ओळखपत्र म्हणून उपयोगी पडायचं.

बायकोचं लायसन खरं होतं. तिचे वडील कऱ्हाडला शाळेच्या मुलांची ने-आण करायचे, त्यांची मॅटॅडोर होती. अठरा पूर्ण झाल्या महिन्यात तिने लायसन काढलं आणि वडिलांना ताप आला की दोन-दोन दिवस ती फेऱ्या मारायची. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हा गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला आणि मॅटॅडोर मागे घ्यायची वेळ आली. मी हौसेने स्टिअरिंगवर बसलो होतो. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा भिंतीला घासली. सासरे खिडकीशी आले.

"जावईबापू, उतरा बघू. पोरीला द्या किल्ली."

मी उतरलो. तिने एका दमात गाडी मागे घेतली, आरशात बघून, मान न वळवता. ओट्यांवरच्या बायका हसल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पावणं लई शिकल्यालं दिसत्यात." सासरेही हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. मीही हसलो. संध्याकाळी जेवणात आमरस होता. ती गोष्ट तिथेच संपली असं त्या घरात सगळ्यांना वाटलं असणार.

आम्ही इथे आलो २००७च्या सुरुवातीला. नीउ-व्हेनेपमध्ये घर घेतलं, भाड्याने, ऑफिसला बरं पडतं म्हणून. त्याच वसंतात मी एकटा खेमेन्टेत गेलो, लायसन बदलायला. काउंटरवरच्या बाईंनी करसवलतीचं पत्र पाहिलं, फोटो घेतला आणि विचारलं, "तुमच्या पत्नीकडे आहे का लायसन? असेल तर त्यांना घेऊन या. याच पत्रावर होईल." इंग्रजीत म्हणाल्या, सावकाश म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून दुसऱ्यांदा म्हणाल्या. मला समजलं नाही असं म्हणायला जागा नाही.

घरी आलो. ती कणीक मळत होती.

"झालं का हो काम? माझं कधी करायचं?"

मी दारात बूट काढत होतो. म्हणालो, "ही सोय फक्त नोकरी करणाऱ्याला आहे. डिपेंडंटला नाही."

ठरवून बोललो नाही. बुटाची नाडी सोडवता सोडवता तोंडातून गेलं. पण दुसऱ्या दिवशी परत घेता आलं असतं, तेही केलं नाही. त्या महिन्यांत डिपेंडंट हा शब्द तिने इतक्या ठिकाणी ऐकला होता, बँकेत, फोनच्या दुकानात, की आणखी एक नकार तिला खरा वाटला. ती म्हणाली, "बरं." आणि कणकेला तेलाचा हात लावला.

तिने स्वतः का तपासलं नाही, असं कुणी विचारेल. आमच्या घरात कागद माझ्याकडे होते. करखात्याची निळी पाकिटं, घराचा करार, विमा, सगळं माझ्या फायलीत. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत हीच वाटणी होती. ज्याच्या नोकरीवर व्हिसा, त्याच्याकडे फाइल. तिचं डच पुढे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं, पाळणाघरात नोकरी लागल्यावर तर ती डचमध्ये भांडू लागली. पण फाइल माझ्याकडेच राहिली. माझ्यावर विश्वास होता असं म्हणणं मोठं होईल. सवय होती.

पुढचं सांगायला जास्त जड आहे. डच लायसन आलं, गाडी घेतली, आणि मला गाडी येत नव्हती. रविवारी सकाळी दुकानं बंद असत, तेव्हा आम्ही सुपरमार्केटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये जायचो. ती शेजारी बसून मला शिकवायची.

"क्लच हळू सोडा. हळू म्हणजे... अहो, तो काय विंचू आहे का, पाय झटकताय?"

"मला माहितीये."

"माहितीये तर करा ना."

तीन महिने असं चाललं. ज्या बाईला चालवायची परवानगी मी मिळू दिली नव्हती, तिने मला त्या परवानगीच्या लायकीचं केलं. मी हायवेवर पहिल्यांदा गेलो तेव्हा ती शेजारी उजवा पाय दाबून बसली होती, जिथे तिच्या बाजूला ब्रेक नव्हता.

आमची मुलगी चालायला लागली त्या सुमारास तिने इथल्या रीतसर शिकवण्या लावल्या. लेखी परीक्षा डचमध्ये दिली, पहिल्या फटक्यात पास झाली. प्रत्यक्ष परीक्षेत दोनदा नापास झाली. पंधरा वर्षांची सवय मोडत नव्हती. परीक्षक म्हणाले होते, बाई, गाडीवर तुमचा ताबा उत्तम आहे, पण तुमचा एक हात सतत हॉर्नवर असतो, आणि सायकलवाला आला की तुम्ही तो थांबेल असं धरून चालता. दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी मी बाहेर पार्किंगमध्ये थांबलो होतो. ती आली, दार उघडून बसली, पट्टा लावला.

"बास झालं आता," ती म्हणाली. "चल."

तोवर तिने 'अहो' सोडलेलं होतं. मी गाडी सुरू केली. मला वाईट वाटत होतं का, असं आता स्वतःला विचारतो. हातमोजे विसरून हिवाळ्यात सायकल चालवली की बोटं ब्रेकवर दिसतात, पण आपली वाटत नाहीत. तसं होतं. मी ती दिसणारी बोटं बघत घरी आलो.

सार्डिनियाचं तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत नाही. बहुधा पाळणाघरातल्या कुणा सहकारिणीने फोटो दाखवले असणार. २०१६च्या मार्चमध्ये तिने एक मोठा कागदी नकाशा आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. पुढच्या मे महिन्यात तीन आठवडे, असं ठरलं. कॅम्पर भाड्याने घ्यायचा, जर्मनी, स्वित्झर्लंड करत इटलीच्या बंदरात जायचं, तिथून गाडीसकट बोटीने बेटावर, आणि मग किनाऱ्याने पूर्ण फेरी. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की नकाशा निघायचा. कोपऱ्यांवर मेतकुटाची बाटली, मिठाची बरणी, मुलीची पेन्सिलींची पेटी आणि माझा फोन. फोन ठेवला की मला तो बघता यायचा नाही, म्हणून तिला तोच हवा असायचा.

फेरी कुठल्या दिशेने मारायची यावर दोन रविवार गेले. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून घड्याळाच्या उलट गेलं की समुद्र आपल्या बाजूला राहतो. तिने तेच ठरवलं. पुण्याहून माझी आई स्काइपवर होती, तिने ऐकलं.

"म्हणजे उलटी प्रदक्षिणा?"

"आई, समुद्र उजवीकडे यावा म्हणून."

"ते ठीक आहे गं, पण प्रदक्षिणा उलटी घालतात का कुठे?"

"मधे देव नाहीये आई, डोंगर आहेत."

"डोंगरात नसतो वाटतं देव," आई म्हणाली, आणि मग विचारलं, संडासाचं काय करणार.

संडासाची टाकी गाडीतच असते आणि ती ठरावीक ठिकाणी जाऊन आपणच रिकामी करायची असते, हे ऐकून आईने पदर नाकाला लावला.

"कोण करणार ते?" मी नंतर विचारलं.

"ज्याला स्टिअरिंग मिळालंय, तो," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "तू उजवीकडे बसणार. तुला सगळा समुद्र दिसेल."

"मला समुद्र नकोय," ती नकाशातून मान वर न करता म्हणाली. "मला स्टिअरिंग हवं होतं."

हे ती चिडून म्हणाली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. मुलीने डचमध्ये विचारलं की वरच्या बिछान्यावर मीच झोपणार ना. तिला मराठीत उत्तर मिळालं, की हो, पण दात घासून.

वहीत सगळं लिहिलं जात होतं. प्रेशर कुकर न्यायचा, पण शिट्टीने शेजारचे कॅम्परवाले घाबरतील म्हणून फक्त दुपारी लावायचा. पोहे तीन किलो. पाण्याची टाकी किती दिवस पुरेल. पूर्वेकडच्या डोंगरातून एक जुना रस्ता जातो, वळणावळणांचा, एका बाजूला कडा. त्या रस्त्यावर तिने पेन्सिलीने हळूच रेघ मारली होती आणि बाजूला माझ्यासाठी लिहिलं होतं: 'इथे जमेल का तुला?'

मला जमणार नव्हतं. मी दर रविवारी नकाशातून थोडं थोडं कमी करत होतो. हा रस्ता नको, आतून जाऊ. हे गाव नको, गल्ल्या अरुंद आहेत. तीन आठवडे फार होतात, दोन करू. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण असे. खरं कारण हे होतं की गाडी मोठी होती, मी भीत होतो, आणि घरात दुसरा ड्रायव्हर मीच होऊ दिला नव्हता. ती खोडरबराने रेघ पुसायची, फुंकर मारायची आणि नवी रेघ ओढायची.

जूनमध्ये तिच्या नायमेखनच्या मैत्रिणीचा फोन आला. ती चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करते, नागपूरची आहे, ती आणि नवरा दोघंही त्याच वर्षी आले होते, आधी नवऱ्याच्या नोकरीवर. फोन ठेवून बायको टेबलाशी आली.

"तिचं लायसन बदलून मिळालं म्हणे. नवऱ्याच्या थर्टी पर्सेंटवर."

"हो का?"

"मग आपल्याला नाही कसं म्हणाले?"

मी नकाशाकडे बघत होतो. "खेमेन्टेप्रमाणे फरक असतो," मी म्हणालो. "आणि तेव्हाचे नियम वेगळे होते."

"असं?"

"हो."

तिने मिठाची बरणी नीट कोपऱ्यावर सरकवली. मग म्हणाली, "आता विचारून बघायचं का?"

"बघतो मी," मी म्हणालो.

फाइल माझ्याकडेच होती. सवलतीचं पत्र पहिल्याच कप्प्यात होतं. त्यावर शेवटची तारीख होती, त्याच वर्षाची, डिसेंबरची अखेर. तिचं भारतीय लायसन त्याच कप्प्यात, जुन्या पासपोर्टच्या आत, अजून मुदतीत. दोन्ही मी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. दोन आठवड्यांनी तिने विचारलं तेव्हा सांगितलं की विचारलं, नाही होत.

पहिलं खोटं बोललो तेव्हा मी तिशीत होतो, ओट्यांवरचं हसू माझ्या कानात ताजं होतं, परदेशात येऊन महिना-दीड महिना झाला होता. ते समजावून सांगता येईल, निदान स्वतःला. पुढची दोन मी बेचाळिसाव्या वर्षी, शांतपणे, जेवण झाल्यावर बोललो. आणि या वेळी वेळ हातात होता. ती गाडी चालवू शकली असती की नाही, हे सर्वस्वी माझ्या एका वाक्यावर होतं. पण ते वाक्य म्हणायचं तर त्याच्यामागून दहा वर्षांचं सगळं बाहेर आलं असतं. पार्किंगचे रविवार, परीक्षेबाहेरची ती दुपार. मी हिशेब केला असं नाही. मी गप्प राहिलो, आणि गप्प राहणं मला येतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आर्नहेमला गेलो. शहराबाहेर एक निवृत्त गृहस्थ स्वतःचा कॅम्पर भाड्याने देत. वीज कंपनीत आयुष्य काढलेले, उंच, कानात श्रवणयंत्र. त्यांची अट होती की आधी येऊन गाडी बघा, मी तुम्हाला बघतो. कॉफी झाली, एक-एक बिस्किट झालं. मग त्यांनी फॉर्म काढला. पहिला ड्रायव्हर, माझं नाव. दुसरा ड्रायव्हर.

"बाईंचं लायसन?"

"नाहीये," ती डचमध्ये म्हणाली. "भारतातलं आहे, पण डिपेंडंटना बदलून मिळत नाही."

ते ती माझ्यासमोर, माझंच वाक्य, इतक्या सहज म्हणाली की मी बिस्किटाचा कण टेबलावरून उचलला. म्हातारबाबांनी रकान्यावर आडवी रेघ ओढली.

मग मला गाडीत बसवलं. त्यांच्या घरामागे मोठं आवार होतं, शेवटी लाकडांचा ढीग आणि एक पॉप्लरचं झाड. गाडी त्या दोघांच्या मधे मागे घालून दाखवायची. मी चार वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी ते ओरडले आणि मी थांबलो. झाड वीतभर दूर होतं.

"बाई, तुम्हाला बघायचंय का करून?" त्यांनी विचारलं. "हे माझं आवार आहे. इथे लायसन लागत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. चढली, बूट काढून बाजूला ठेवले, सीट पुढे घेतली, दोन्ही आरसे हलवले. तिचे वडीलही अनवाणी चालवायचे. म्हातारबाबा हात वर करून इशारे करायला उभे राहिले. गाडी एका चालीत मागे आली, झाड आणि ढीग यांच्या बरोबर मध्ये, आणि थांबली. त्यांनी हात खाली घेतला. एकही इशारा लागला नव्हता.

"तुम्ही नकाशा बघा," ते मला म्हणाले. "चालवू दे हिला."

"लायसन नाही ना," ती खिडकीतून म्हणाली. ती हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर ते कऱ्हाडला.

परतीच्या रस्त्यावर मी ठरवलं की उट्रेख्टच्या आधी सांगायचं. सवलत संपायला सात आठवडे होते. सोमवारी दोघांनी खेमेन्टेत जायचं, महिनाभरात तिच्या हातात कार्ड. उट्रेख्ट आलं. ती म्हणाली, "क्लच मॅटॅडोरपेक्षा हलका आहे." मी म्हणालो, "हो?" मग वाटलं, खाउडाच्या आधी. मागच्या सीटवर मुलगी हेडफोन लावून झोपली होती. म्हणजे मुलगी ऐकेल हेही कारण नव्हतं. खाउडा गेलं. नीउ-व्हेनेपची पाटी आली. घराशी गाडी लावली. तिने पिशव्या घेतल्या.

सात आठवडे रोज सकाळ होत होती. मी ऑफिसला जात होतो, परत येत होतो. ती वहीत लिहीत होती. डिसेंबर संपला. जानेवारीत करखात्याचं पत्र आलं की सवलत संपली. मी ते फायलीत लावलं. सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसंही वाटलं नाही.

बोटीची तिकिटं काढायची तो रविवार आला तेव्हा मी म्हणालो, "मला एकट्याला ती गाडी नाही जमणार."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "एकट्यालाच चालवायची आहे, हे मागच्या मार्चपासून माहीत होतं की."

"हो."

"मग एवढे महिने मला का बोलू दिलंस?"

 तिने मेतकुटाची बाटली फळीवर ठेवली, मिठाची बरणी ओट्यावर ठेवली, माझा फोन माझ्या हातात दिला. नकाशाची घडी मूळच्या घड्यांवर बसत नव्हती, तिने दोनदा उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "म्हातारबाबांना मीच कळवते. ते तुझं इंग्रजी ऐकून गोंधळतील." आणि तिने त्यांना फोन केला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, माफी मागितली. माझ्या वतीने.

मे महिन्यात आम्ही बेटावर गेलो, विमानाने, एक आठवडा, हॉटेलात. एके दिवशी बसची सहल होती. नेमका तोच पूर्वेकडचा डोंगरातला रस्ता. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. सगळे समुद्राकडे बघत होते, फोटो काढत होते. ती वळण आलं की ड्रायव्हरच्या हातांकडे बघायची. मी तिच्या शेजारी होतो. आम्ही शहाळ्यासारखं काहीतरी मिळेल का यावर बोललो, मिळालं नाही.

परत आल्यावर तिने न सांगता पुन्हा शिकवणी लावली. २०१९च्या वसंतात, पाचव्या प्रयत्नात, पास झाली. कार्ड आलं त्या शनिवारी सकाळी तिने किल्ली घेतली आणि एकटी गेली. कुठे जातेस, मी विचारलं नाही. दुपारी आली, बुटांना वाळू होती. म्हणाली, पेट्रोल भरून ठेवलंय.

मग त्या वर्षीच्या गणपतीत आमच्याकडे दहा-बारा जण जेवायला होते. कुणीतरी तिचं अभिनंदन केलं. ती मोदकांचं ताट घेऊन उभी होती.

"माझं कमावलेलं आहे," ती म्हणाली. "ह्याचं काय, नुसतं बदलून मिळालेलं. पहिले तीन महिने मी शिकवलं याला पार्किंगमध्ये."

"अरेरे, इज्जत गेली," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी पण.

सोफ्याच्या कडेला एक नवी मुलगी बसली होती, लग्न होऊन चार महिन्यांपूर्वी आलेली, पिंपरीची. तिने विचारलं, "ताई, म्हणजे आपलं नाही बदलून मिळत? माझं आहे फोर-व्हीलरचं."

"नाही गं, डिपेंडंटना नाही," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नाही ना रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कागदांचं मला कळतं असं सगळ्यांना वाटतं. त्या मुलीच्या हातात वाटी होती, आणि तिला खरंच हवं होतं उत्तर. मी नाही म्हटलं असतं तर तिनेही मान डोलावली असती आणि दहा वर्षं सायकल चालवली असती.

मी म्हणालो, "मिळतं. नवऱ्याचं करसवलतीचं पत्र घेऊन दोघंही खेमेन्टेत जा. सवलत चालू आहे तोवर. उशीर करू नका."

 बायकोने ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"आता मिळतं," मी म्हणालो. "आपल्या वेळी नव्हतं."

"बघ, नशीब तुझं," बायको तिला म्हणाली आणि तिच्या वाटीत एक मोदक वाढला.

त्या मुलीला तीन आठवड्यांत लायसन मिळालं. तिने पेढे आणले, दारात वाकून मला नमस्कार केला, काका तुमच्यामुळे म्हणाली. बायको माझ्या मागे उभी होती. तिला तेव्हा काही कळलं का, आधीच कळलेलं होतं का, हे मला माहीत नाही. तिने विचारलेलं नाही. ती विचारेल याची मी वाट बघत असतो, म्हणजे मला फक्त हो म्हणावं लागेल. तेवढंही काम मी तिच्यावर टाकून बसलो आहे.

ती मराठी वाचते. हे छापून आलं तर ती वाचेल, आणि मग मी सांगितलं असं होईल, असा विचार लिहिताना दोन-तीनदा मनात आला. तो खरा नाही. लिहिणं म्हणजे पुन्हा फाइल करणंच.

मी तिला समोर बसून, तोंडाने, तिने न विचारता, हे सांगण्याचं देणं लागतो: तुझं लायसन मिळत होतं, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, एकदा नाही, चार वेळा. आज तारखेपर्यंत मी ते सांगितलेलं नाही.